तीन नावांची उतरंड
(शहापूर-मुरबाडच्या निमित्ताने)

१

मराठीतील व्यासंगी ग्रंथव्यवहारात 'धर्म', 'संस्कृती' आणि 'विज्ञान' ही तीन पदे गेली शंभर-सव्वाशे वर्षे एकमेकांच्या सोबतीने वावरत आली आहेत. धर्म आणि विज्ञान ह्यांच्यात विरोध आहे की समन्वय शक्य आहे, संस्कृती धर्मातून उद्भवते की धर्म हेच संस्कृतीचे एक अंग आहे, विज्ञाननिष्ठा परंपरेशी जुळवून घेऊ शकते का, ह्या प्रश्नांचा मराठीत भरपूर खल झाला आहे. त्या चर्चेची पातळी काही वेळा खरोखरच उच्च होती, हेही मान्य केले पाहिजे. मात्र ह्या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली. ही तिन्ही पदे केवळ वर्णनपर आहेत आणि ज्या वस्तूला जे नाव शोभते ते तिला आपोआप मिळते, हे ते गृहीत होय. कोणत्या आचाराला 'धर्म' म्हणावयाचे, कोणत्याला 'संस्कृती', आणि कोणत्याची रवानगी 'समजूत', 'चालीरीत' किंवा 'अंधश्रद्धा' ह्या खात्यात करावयाची, हे कोण ठरवतो, असा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

तो विचारला की एक अवघड गोष्ट समोर येते. ही नावे वर्गीकरणाची कमी आणि दर्जाची अधिक आहेत. मडक्यांच्या उतरंडीप्रमाणे ती एकावर एक रचलेली आहेत, आणि एखादा आचार कोणत्या मडक्यात पडणार हे त्या आचाराच्या स्वरूपापेक्षा आचरणाऱ्याच्या लिपीवर, जातीवर आणि वस्तीवर अवलंबून राहिले आहे. हे विधान सरसकट वाटू नये म्हणून ते एका मर्यादित भूभागावर तपासून पाहणे इष्ट ठरेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील ग्रामीण पट्ट्यात शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके उरले. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली, कुणबी, आगरी अशी येथील वस्ती. सह्याद्रीची भिंत एका बाजूला आणि मुंबईला पाणी पुरवणारे तानसा-भातसाचे जलाशय दुसऱ्या बाजूला. ह्या टापूतील एक शिलालेख, एक झाड आणि शेतीची एक रीत, एवढ्या तीनच गोष्टी प्रस्तुत विवेचनासाठी पुरेशा आहेत.

२

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाटाची चढण सुरू होते. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानकडे जाणारा हा प्राचीन व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरील लेण्यात प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत कोरलेला सातवाहनकालीन लेख आहे. तो सामान्यतः राणी नागनिकेचा मानला जातो. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची ही नोंद आहे. किती गायी दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापणे दिली, ह्यांचे आकडे तीत आहेत. स्थानमूल्य आणि शून्य ह्यांच्या पूर्वीची ही अंकपद्धती असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात ह्या लेखाला मोलाचे स्थान आहे. भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर ह्यांच्यापासून वा. वि. मिराशींपर्यंत अनेक पंडितांनी त्याचे वाचन केले.

ह्या एका लेखातून तीन विद्याशाखांनी आपापला वाटा उचलला. यज्ञ धर्मेतिहासाकडे गेले, राजवंश आणि लेणे संस्कृतीच्या इतिहासाकडे गेले, अंक विज्ञानाच्या इतिहासाकडे गेले. तिन्ही वाटे सन्मानाने उचलले गेले, आणि त्यांत वावगे काही नाही. घोडे मारून स्वर्ग अथवा साम्राज्य मिळते ही समजूत आहे की नाही, असा प्रश्न ह्या लेखाच्या संदर्भात कोणी विचारत नाही. विचारूही नये, कारण प्राचीन आचाराचा अर्थ लावणे आणि त्याच्या परिणामकारकतेवर निकाल देणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आता ह्याच डोंगररांगेतील दुसरा आचार पाहावा. आश्विन वद्य द्वादशीला महादेव कोळी आणि ठाकूर वाघबारस पाळतात. गुरे राखणारे वाघदेवापुढे नैवेद्य मांडतात आणि वर्षभर गुरांचे रक्षण व्हावे अशी मागणी करतात. लेण्यातल्या लेखात गायी दिल्याचा हिशेब आहे, येथे गायी राखण्याची मागणी आहे. दोन्ही ठिकाणी मनुष्य आपल्याहून बलिष्ठ अशा शक्तीशी देवघेव करतो आहे. संरचनेच्या दृष्टीने ह्या दोन आचारांत जातीचा फरक दाखवणे कठीण आहे. तरीही ग्रंथालयात एक 'धर्म' ह्या फडताळात आणि दुसरा फार तर 'लोकसाहित्य' किंवा 'आदिवासी चालीरीती' ह्या फडताळात सापडतो. अंधश्रद्धेवरील एखाद्या पुस्तकात उदाहरणाची गरज पडली तर ते दुसऱ्या फडताळातून घेतले जाते. पहिल्याला हात लागत नाही.

ह्यावर असे उत्तर दिले जाते की यज्ञसंस्थेला ग्रंथ आहेत, मीमांसा आहे, भाष्ये आहेत, आणि वाघदेवाला ती नाहीत. हे उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच ते बोलके आहे. आचाराला 'धर्म' हे नाव त्यातील आशयामुळे मिळत नसून त्याच्याविषयीच्या लेखनामुळे मिळते, अशी ही कबुली आहे. ज्याच्याकडे लेखन नव्हते, त्याच्याविषयी दुसऱ्याने केलेले लेखनच मग प्रमाण ठरते.

३

हे दुसऱ्याने केलेले लेखन कसे असते ह्याचा नमुना म्हणून खैराचे झाड घ्यावे. कातकरी किंवा काथोडी हे जमातीचे नावच कातावरून आलेले आहे. खैर तोडून, त्याच्या गाभ्याच्या ढलप्या काढून, त्या मडक्यांत उकळून, तो काढा आटवून आणि थंड करून कात थिजवणे हा ह्या लोकांचा पिढीजात उद्योग होता. लाकूड कोणते निवडावे, किती उकळावे, केव्हा उतरवावे ह्यांचे काटेकोर ज्ञान असल्याशिवाय हा उद्योग होत नाही.

जेम्स फ्रेझर ह्यांच्या 'द गोल्डन बाउ' ह्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९० सालची. वृक्षपूजेच्या विवेचनात त्यांनी ह्या काथोडींचा उल्लेख केला आहे. झाड तोडण्यापूर्वी हे लोक त्याच जातीचे दुसरे एक झाड निवडतात, त्याला नारळ वाहतात, धूप दाखवतात, तांबडा रंग लावतात आणि कामाला आशीर्वाद मागतात, एवढी ती माहिती. तोडावयाच्या झाडातील आत्म्याने ह्या दुसऱ्या झाडात राहावयास जावे, असा त्यामागे हेतू असावा, हा फ्रेझर ह्यांचा तर्क. ती माहितीही त्यांच्या हाती दुसऱ्याच्या लेखातून आलेली होती. जवळपास ह्याच सुमारास, १८८९ ते १८९३ ह्या काळात, जॉर्ज वॅट ह्यांचा भारतातील आर्थिक उत्पादनांचा कोश प्रसिद्ध होत होता. त्यात खैर आहे, कात आहे, काताच्या व्यापाराची माहिती आहे.

एकाच माणसाने एकाच सकाळी केलेली कृती अशा रीतीने दोन ग्रंथांत फाडली गेली. नारळ फ्रेझरकडे गेला आणि काढा वॅटकडे. पहिल्या ग्रंथात कातकरी हा आत्म्यांवर विश्वास ठेवणारा आदिमानव आहे, दुसऱ्यात तो जंगलातील मालाचा पुरवठादार आहे. पूजा आणि पाककृती ह्या दोन्ही गोष्टी ज्याच्या हातात एकत्र होत्या, तो जाणता माणूस दोन्हींतून नाहीसा झाला. त्याच काळात १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव होत होते. निर्बंधांमुळे काताचा उद्योग कातकऱ्यांच्या हातून गेला आणि पुढील पिढ्या कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेल्या. आज कातकरी ही शासनाच्या यादीत 'आदिम' जमात आहे. हे विशेषण लावणाऱ्यांना खैराच्या काढ्याची आठवण असण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यापर्यंत पोचलेल्या ग्रंथांत फक्त नारळ शिल्लक होता.

फ्रेझर ह्यांच्या मागे टायलर आहेत. १८७१ साली त्यांनी मांडलेल्या 'अवशेष' ह्या कल्पनेनुसार असे आचार म्हणजे मानवी विकासाच्या मागील पायरीवर राहून गेलेल्या वस्तू. मराठी विद्वत्तेने ही कल्पना फारशी न तपासता स्वीकारली आणि तिचा एक सोयीस्कर विभागून उपयोग केला. लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांचा 'वैदिक संस्कृतीचा विकास' (१९५१) हा मराठीतील थोर ग्रंथ आहे. १९५५ साली साहित्य अकादमीने मराठीतील पहिला पुरस्कार त्याला दिला, तो यथार्थच होता. तर्कतीर्थांची चिकित्सा निर्भय आहे, परंपरेची भलामण करण्याचा मोह तिला नाही. तथापि त्या शीर्षकातील 'विकास' हा शब्द काय करतो, हे पाहिले पाहिजे. तो यज्ञाला भविष्य देतो. यज्ञातून उपनिषदे, त्यांतून पुढे तत्त्वज्ञान, भक्ती, आणि शेवटी आधुनिक मानवाचा विवेक, असा प्रवास त्या शब्दामुळे शक्य होतो. ह्या प्रवासात आरंभीची पायरी कितीही ओबडधोबड असली तरी ती शिखराची पायरी म्हणून क्षम्य ठरते. कातकऱ्याच्या नारळाला असे भविष्य कोणी दिले नाही. त्याच्यातून काही विकसित होणार आहे, असे कोणीही गृहीत धरले नाही. तो अवशेष आहे, आणि अवशेषाचा विकास होत नसतो, त्याचे निर्मूलन होते किंवा जतन होते. एका परंपरेला उत्क्रांती आणि दुसरीला वस्तुसंग्रहालय, अशी ही वाटणी आहे.

४

धर्म आणि संस्कृती ही दोन नावे नाकारली गेली तरी विज्ञान हे नाव तटस्थ असावे, अशी अपेक्षा असते. विज्ञान कोणाची जात विचारत नाही, हे त्याचे ब्रीद आहे. ते कितपत पाळले गेले, हे राबावरून पाहता येईल.

राब ही ठाण्याच्या घाटालगतच्या पट्ट्यातील भातशेतीची जुनी रीत. झाडांची कवळे, पाला, गवत आणि शेण ह्यांचे थर रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरून पावसाळ्यापूर्वी ते भाजले जातात आणि तेथे भाताची किंवा नाचणीची रोपे वाढवून मग ती खाचरांत लावली जातात. वनखात्याच्या दृष्टीने ही कवळतोड म्हणजे जंगलाची नासाडी होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने राबाशिवाय रोप नव्हते. हा तंटा इतका विकोपाला गेला की १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांत राब हा एक मुख्य विषय होता. १८९३ च्या अहवालात जॉन ऑगस्टस व्होल्कर ह्यांनी राबाची आणि त्यावर झालेल्या प्रयोगांची दखल घेतली. १९१२ साली हॅरल्ड मॅन, ना. वि. जोशी आणि ना. वि. कानिटकर ह्यांनी राबपद्धतीवर स्वतंत्र शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. रोपांना होणारा लाभ राखेतील खतामुळे आहे की जमीन तापल्यामुळे, असा तो प्रश्न होता. तापवलेल्या मातीचे गुणधर्म हा त्या वर्षांत इंग्लंडमधील कृषिशास्त्रज्ञांच्याही जिज्ञासेचा विषय होता.

म्हणजे मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याची एक रीत प्रयोगशाळेत गेली, तिच्यावर शंका घेतली गेली, तिची मोजदाद झाली. धर्म, संस्कृती आणि विज्ञान ह्यांच्या संबंधावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला ह्याहून चांगले उदाहरण कोणते हवे होते? परंतु विज्ञाननिष्ठेवरील मराठी निबंधांत गॅलिलिओ आहे, डार्विन आहे, आर्यभट आहे, आणि राब शोधूनही सापडणे कठीण. लोकसंस्कृतीवरील पुस्तकांत तो आलाच तर लावणीच्या गाण्याच्या पार्श्वभूमीला, धुरासारखा. विज्ञान म्हणजे जे इंग्रजीत शिकावयाचे आणि खेड्यात नेऊन वाटावयाचे, ही समजूत इतकी घट्ट आहे की ज्ञान उलट्या दिशेनेही प्रवास करते, ह्याची नोंद घेण्याची सवयच लागली नाही. ही सवय नसणे हाही एक प्रकारचा अविज्ञानवादच म्हटला पाहिजे.

५

ह्या सर्व लेखनाची भाषा हाही समीक्षेचा विषय आहे. ह्या डोंगरपट्ट्यावरील प्रमुख समाजशास्त्रीय ग्रंथ मराठी माणसांनीच लिहिले, पण इंग्रजीत. गो. स. घुर्ये ह्यांचा 'द महादेव कोळीज' १९५७ चा, ल. ना. चापेकर ह्यांचा 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' १९६० चा. ह्या ग्रंथांतील परिश्रम आणि तपशील ह्यांबद्दल आदरच बाळगला पाहिजे. परंतु १९३३ साली ना. गो. चापेकर ह्यांनी मुरबाडला लागूनच असलेल्या बदलापूरवर जो पायाभूत ग्रंथ लिहिला तो मराठीत होता, आणि त्याच्या नावात 'आमचा गाव' हे शब्द होते. शेजारच्या टापूतील दोन विषय. एकाला मातृभाषा आणि प्रथमपुरुषी सर्वनाम मिळाले, दुसऱ्याला परभाषा आणि तृतीयपुरुष. लेखकांच्या हेतूवर ह्यात कोणताही आरोप नाही. ज्ञानव्यवहाराच्या व्याकरणाचा हा प्रश्न आहे.

घुर्ये ह्यांनी १९४३ साली आदिवासींना 'मागास हिंदू' म्हटले. व्हेरिअर एल्विन ह्यांच्याशी त्यांचा झालेला वाद सुप्रसिद्ध आहे, आणि पदव्युत्तर वर्गात तो 'समावेशन की संरक्षण' अशा द्वंद्वात शिकवला जातो. पण ह्या द्वंद्वाच्या दोन्ही टोकांना आदिवासींचे नाव दुसराच कोणी ठेवतो आहे, हे त्या वर्गात सांगितले जात नाही. 'मागास हिंदू' ह्या शब्दबंधात 'हिंदू' हे धर्माचे नाव आहे आणि 'मागास' हे उतरंडीतील जागेचे. नाव द्यावयाचे आणि त्याच श्वासात दर्जा काढून घ्यावयाचा, हे काम एका विशेषणाने कसे केले, ह्याचे वाचन खरे तर साहित्यसमीक्षेने करावयास हवे होते.

ते झाले नाही, कारण मराठी समीक्षेने ह्या ग्रंथांना संहिता मानलेच नाही. १९८० नंतर देशीयतेची मोठी चर्चा झाली. तिने वासाहतिक मानसिकतेवर केलेला प्रहार आवश्यक होता. पण तिचा 'देशी' हा शब्द मुख्यतः महानुभाव-वारकरी ह्या लिखित परंपरेच्या आणि स्थिर शेतकरी समाजाच्या जमिनीवर उभा राहिला. खैराच्या भट्टीपर्यंत तो पोचला नाही. दुसरीकडे गोविंद गारे ह्यांच्यासारख्या, स्वतः महादेव कोळी समाजातून आलेल्या अभ्यासकाने मराठीत विपुल लिहिले, तर त्या लेखनाला 'आदिवासी विकास' ह्या विषयाच्या कपाटात बंद केले गेले. समीक्षेच्या नियतकालिकांना त्याची मीमांसा करण्याची गरज भासली नाही.

६

ह्या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप येईल, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. सर्पदंशानंतर भगताकडे नेलेला रोगी दगावतो. मंत्र विष उतरवत नाही. मग आदिवासी आचारांचा असा कैवार घेणे म्हणजे विवेकवादी चळवळीच्या श्रमांवर पाणी ओतणे नव्हे काय? महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला, आणि तो ठरवणे आवश्यकच होते. येथे मागणी आहे ती सवलतीची नसून समान कसोटीची. जी कसोटी भगताच्या मंत्राला, तीच यज्ञाच्या फलश्रुतीला लागली पाहिजे. आणि जी सहानुभूती यज्ञाचा अर्थ लावताना दाखवली जाते, तीच वाघबारशीचा अर्थ लावताना दाखवली पाहिजे. शिवाय विज्ञान खेड्यात येते ते केवळ निषेधाच्या रूपाने नव्हे. १९८० च्या दशकात हिंमतराव बावसकर ह्यांनी महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रोग्यांचे बारकाईने निरीक्षण करून प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा ग्रामीण कोकणातील अनुभव जागतिक वैद्यकाच्या पानावर गेला. रोग्याकडे पाहणे ही त्या संशोधनाची पहिली पायरी होती. समाजाकडे पाहणाऱ्या ग्रंथांनी तेवढे तरी पाहावे.

हा सगळा वाद शब्दांपुरता असता तर तो सेमिनारमध्ये संपला असता. तसा तो आता राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम १ जानेवारी २००८ रोजी अधिसूचित झाले. त्यांतील तेराव्या नियमात दाव्यासाठी कोणते पुरावे ग्राह्य आहेत ते सांगितले आहे. गॅझेटियरसारखे सरकारी दस्तऐवज त्यांत आहेत. नामांकित संस्थांनी केलेले संशोधन आणि रूढी-परंपरांच्या नोंदी त्यांत आहेत. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन त्यांत आहे. सामूहिक हक्कांसाठी पवित्र वृक्ष, दफनभूमी, कंदमुळे गोळा करण्याच्या जागा ह्यांचाही पुरावा म्हणून विचार होतो. म्हणजे ज्या झाडाला नारळ वाहिला ते झाड फ्रेझर ह्यांच्या ग्रंथात आत्मवादाचे उदाहरण होते, अंधश्रद्धेवरील पुस्तकात अज्ञानाचे उदाहरण होते, आणि कायद्यापुढे ते जमिनीवरील वहिवाटीची खूण आहे. ग्रंथकाराने त्या झाडाचे स्थान, त्याच्याकडे जाणारी वाट, तेथे जमणारी माणसे आणि त्यांचे जंगलातील काम नोंदवले असेल, तर त्याचे पान ग्रामसभेच्या उपयोगी पडते. त्याने केवळ 'हे लोक वृक्षपूजक आहेत' एवढेच लिहून प्रकरण बदलले असेल, तर ते पान निरुपयोगी आहे. वर्गीकरणाचा आळस आता हक्काच्या मुळावर येऊ शकतो.

म्हणून मराठी समीक्षेपुढचे काम स्पष्ट आहे. गॅझेटियरपासून घुर्ये-चापेकरांपर्यंतचे हे ग्रंथ संहिता म्हणून वाचावयास घ्यावेत. त्यांची प्रकरणरचना तपासावी आणि 'अर्थव्यवस्था' एका प्रकरणात, 'धर्म' दुसऱ्यात असे केल्याने कोणती कृती मधोमध कापली गेली ते दाखवावे. त्यांतील कर्मणी प्रयोग मोजावेत, म्हणजे माहिती देणारी माणसे वाक्यांतून कोठे गाळली गेली ते कळेल. हे ग्रंथ मराठीत आणावेत, आणि भाषांतराच्या वेळी 'सुपरस्टिशन', 'सर्व्हायव्हल', 'प्रिमिटिव्ह' ह्या शब्दांपुढे थांबून ते ज्यांच्याविषयी वापरले गेले त्यांच्या बोलीत त्या गोष्टीला काय म्हणतात हे विचारावे. शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांत आज ठाकूर, कोळी, कातकरी घरांतील विद्यार्थी मराठी साहित्य हा विषय घेऊन बसतात. आपल्या आजीचे ज्ञान ग्रंथालयाच्या कोणत्या फडताळात सापडेल असे त्यांपैकी कोणी विचारले, तर त्याला द्यावयाचे उत्तर ह्या विषयाच्या प्राध्यापकांकडे असले पाहिजे. तूर्त असलेले उत्तर देण्याजोगे नाही.